खाट फुकट, गोळी विकत

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. बाहेर कार्ल्याच्या डोंगरावर पाऊस कोसळत असतो, आत चाळीस-पन्नास माणसे मांडी घालून ऐकत असतात. वंदना झाली, चहा झाला, की मग माझे दुसरे काम सुरू होते. मी नोकरीने कारकून. लोणावळ्यात एका खाजगी कचेरीत हिशेब लिहितो. बी.कॉम. झालेला माणूस म्हणून वस्तीतले रेशनकार्डाचे, दाखल्याचे, दवाखान्याचे सगळे कागद माझ्याकडे येतात. कोणाचा अर्ज भरून दे, कोणाला कार्यालयात घेऊन जा, असे गेली वीस वर्षे चालले आहे.

गेल्या वर्षावासात एक धम्मभगिनी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. वय पस्तिशीचे. हृदयाची झडप लहानपणापासून खराब, ठोके अनियमित. पिशवीतून तिने सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड काढले आणि विचारले, “दादा, हे पाच लाखांचं कार्ड आहे ना? मग याच्यावर गोळी मिळत नाही असं औषधवाला का म्हणतो? पाच लाखांत माझी एक गोळी बसत नाही का?”

आजूबाजूची माणसे हसली. मला हसू आले नाही. या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, आणि ते मला माझ्या आईच्या उजव्या हाताच्या मोलाने कळले होते. ते तिला त्या दिवशी नीट सांगता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

माझी आई जन्मभर भाताची लावणी केलेली बाई. २०१७ च्या बुद्ध पौर्णिमेला आम्ही सारे लेण्यांवर वंदनेला गेलो. दरवर्षी माझ्या पुढे पायऱ्या चढणारी आई त्या वर्षी निम्म्यातच बसली. म्हणाली, “छातीत चिमणी फडफडल्यासारखं होतंय.” दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नाडी धरली ती बराच वेळ सोडली नाही. मग ईसीजीची पट्टी काढली. पट्टीवरच्या रेघांमध्ये कुठे जास्त अंतर, कुठे कमी. ताळमेळच नाही. डॉक्टर म्हणाले, याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.

हा आजार आपल्या घराघरात असू शकतो, म्हणून दोन शब्द सांगतो. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे रक्त पुढे पूर्ण ढकलले जात नाही, थोडे तेथेच घुटमळते. लेण्यांमधल्या पाणपोढीत न हलणाऱ्या पाण्यावर जशी साय धरते तशी या साचलेल्या रक्तात गुठळी धरते. ती सुटून मेंदूच्या नळीत अडकली की अर्धांगवायू. अशा रुग्णाला अर्धांगवायूचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. तो टाळण्यासाठी ‘रक्त पातळ करणारी’ गोळी देतात. खरे तर ती रक्त पातळ करीत नाही, गुठळी धरू देत नाही, एवढेच. ही गोळी बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागते. एखाद्या दिवशी चुकली तर त्या दिवशी काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच ती चुकते.

तेव्हा माझा पगार २०,४०० रुपये होता आणि मला कामगार विमा लागू होता. आई माझ्यावर अवलंबून, म्हणून तिचेही नाव कार्डावर होते. मळवलीहून लोकल पकडून मी तिला तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी तिचे वय पाहिले, वजन पाहिले, किडनीची तपासणी पाहिली आणि नव्या पिढीची गोळी लिहून दिली. या गोळीला दर महिन्याला रक्त तपासावे लागत नाही, खाण्यापिण्याचे पथ्य फारसे नाही, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका जुन्या गोळीपेक्षा कमी. महिन्याला साठ गोळ्या. विम्याच्या दवाखान्यातून त्या मिळत. एक पैसा द्यावा लागला नाही. येताना लोकल देहूरोडला थांबे आणि आई खिडकीतून हात जोडी. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, हे तिने तिच्या वडिलांकडून ऐकलेले.

ती हात जोडी तेव्हा माझ्या मनात दुसरीच गोष्ट येई. तिच्या पिशवीत ज्या गोळ्या होत्या त्यांच्या मागेही बाबासाहेब होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्राध्यापक अडारकरांकडे सोपविले गेले आणि त्यांचा अहवाल १९४४ साली आला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या कायद्याचे मोठेपण कशात आहे? तो फक्त खाटेचे पैसे भरीत नाही. बाहेरच्या रुग्णाला रोजची गोळीही देतो. कामगाराच्या वेतनातून थोडे, मालकाकडून अधिक, आणि आजार मात्र सर्वांचा मिळून. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात तर बाबासाहेबांनी विमा व्यवसाय सरकारच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. विमा हा श्रीमंताचा चोचला नाही, गरिबाचे संरक्षण आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

२०१८ च्या जून महिन्यात मला पगारवाढ मिळाली. २०,४०० चे २१,६०० झाले. घरी पेढे आणले. आईने बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे पेढा ठेवला. कामगार विम्याची वेतनमर्यादा त्या वेळी २१,००० रुपये होती, हे मला माहीत नव्हते असे नाही. मी स्वतःच पगारपत्रक लिहितो. पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात उतरला नाही. सप्टेंबरअखेर वर्गणी कापली गेली, पुढे बंद झाली. हक्क २०१९ च्या जूनअखेरपर्यंत चालला आणि संपला. हिशेब मांडून पाहा. पगारवाढ १,२०० रुपये. पावणेदोन टक्क्यांनी कापली जाणारी वर्गणी ३५७ रुपये, ती वाचली. म्हणजे हातात १,५५७ रुपये अधिक आले. आणि आईच्या साठ गोळ्यांची त्या वेळची बाजारातली किंमत याहून जास्त होती. ज्या पगारवाढीचे पेढे वाटले तिने आईची गोळी नेली.

मग मी गावाकडच्या एका डॉक्टरांकडे गेलो. माणूस चांगला. त्यांनी जुना कागद वाचला, पेन उघडले आणि लिहायच्या आधी विचारले, “विमा आहे का? दर महिन्याला किती झेपेल?” मी खरे ते सांगितले. त्यांनी पेन क्षणभर थांबविले आणि जुनी गोळी लिहिली. आजार तोच, आई तीच, वय तेच. विमा गेला तसा कागदावरचा औषधाचा शब्द बदलला. यात डॉक्टरांना मी दोष देत नाही. न झेपणारे औषध लिहून द्यायचे आणि रुग्णाने ते घ्यायचेच नाही, यापेक्षा झेपेल ते लिहावे, असा त्यांचा विचार होता.

जुनी गोळी वाईट नाही. वॉर्फरिन हे औषध १९५४ पासून माणसांसाठी वापरात आहे, आपल्याकडे त्याच्याच जातीची आणखी एक गोळी पुष्कळ चालते. स्वस्त आहे, नीट घेतली तर गुणकारी आहे. पण ‘नीट’ या शब्दात सगळे आले. रक्त गोठण्याचा वेग मोजणारी आयएनआर नावाची तपासणी असते. अशा रुग्णाचा आकडा साधारण दोन ते तीनमध्ये राहिला पाहिजे. दोनच्या खाली गेला तर गुठळीची भीती, तीनच्या फार वर गेला तर रक्तस्रावाची. सुरुवातीला तर ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. तपासणी म्हणजे तिची फी, आईला घेऊन जाणे-येणे आणि माझा अर्धा दिवसाचा खाडा. शिवाय हिरव्या पालेभाजीतले ‘के’ जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करते. पालेभाजी बंद करायची नसते, पण रोज साधारण सारखी खायची असते. आता पावसाळ्यात मावळातल्या बाईला हे कसे सांगणार? बांधावर टाकळा उगवला, कुरडू उगवला, की चार दिवस घरात दुसरी भाजी नसते. पुढे आठ दिवस एक पान मिळत नाही. आईचा आकडा कधी वर, कधी खाली.

ऑगस्टमध्ये एकदा तिच्या हिरड्यांतून रक्त आले. घर घाबरले. डॉक्टरांना विचारण्याआधीच गोळी थांबविली. त्याच सुमारास ओळखीतल्या एकाने सांगितले की ॲस्पिरिनची गोळीही रक्त पातळच करते, स्वस्त आहे, तपासणी लागत नाही. मला ते पटले. मी, जो दुसऱ्यांना शंभरदा सांगतो की कागद वाचल्याशिवाय सही करू नका, त्याने हे न विचारता मान्य केले. पुढे मला कळले की अनियमित ठोक्यांतली गुठळी रोखायला ॲस्पिरिन फार तोकडी पडते. ज्यांना जुनी गोळी देता येत नव्हती अशा छत्तीस देशांतल्या साडेपाच हजारांवर रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला होता. अपिक्साबॅन ही नवी गोळी घेणाऱ्यांमध्ये अर्धांगवायूचे प्रमाण ॲस्पिरिन घेणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी होते, आणि मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. म्हणजे आम्ही धोका तेवढाच पत्करला आणि संरक्षण मात्र सोडून दिले.

सप्टेंबर संपत आला होता. सकाळी आई चहाचा कप उचलायला गेली आणि कप हातातून निसटला. तोंड एका बाजूला ओढले गेले. मला हाक मारायची तर नाव सापडेना.

आईचे नाव थोरल्या भावाच्या केशरी रेशनकार्डावर होते. त्यावर महात्मा फुले योजनेत तिला दाखल करून घेतले. डोक्याचा स्कॅन, खाट, सलाईन, इंजेक्शने, जेवण, सगळे झाले आणि आम्हांला बिल भरावे लागले नाही. याबद्दल मी कृतज्ञच आहे. ही योजना नसती तर घर गहाण पडले असते. घरी सोडताना मोजक्या दिवसांची औषधे दिली आणि कागदावर सर्वांत वर लिहिले होते ते कोणते औषध? तेच, जे दोन वर्षांपूर्वी तज्ज्ञांनी लिहिले होते. त्या रात्री हिशेबाची वही उघडून बसलो. साठ गोळ्यांचे पैसे देणारा कोणी नव्हता. त्या गोळ्या न घेतल्यामुळे आलेल्या आजाराचे पैसे मात्र सरकारने भरले, आणि ते कितीतरी पटींनी जास्त होते.

त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. आपल्या कार्डावर पाच लाख लिहिले आहेत ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. महाराष्ट्रात ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, २०२३ साली दीड लाखाची मर्यादा पाच लाख करण्याचा आणि ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली. दोन्हींचा पाया एकच आहे : ठरावीक आजार, ठरावीक शस्त्रक्रिया, आणि दाखल होणे. घरी बसून रोज घ्यायची गोळी त्यात येत नाही, सुटी झाल्यानंतरचे थोडे दिवस सोडले तर. लोक पैसे भरून जो मेडिक्लेम घेतात तोही बहुधा दाखल झाल्यावरच चालतो. आजार पदरात पडेपर्यंत विमा झोपलेला असतो.

हे दुखणे एकट्या मावळचे नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही महागड्या नव्या गोळ्या कोणाला लिहिल्या जातात आणि कोण त्या मध्येच सोडतो, हे विम्यावर ठरते, असे तेथील डॉक्टरांनीच दाखवून दिले आहे. तेथे वृद्धांच्या सरकारी विम्यासाठी दहा औषधांच्या किमती औषध कंपन्यांशी घासाघीस करून ठरविण्यात आल्या. २०२४ साली त्या जाहीर झाल्या आणि लागू होण्याची तारीख १ जानेवारी २०२६ ठरली. त्या दहांमध्ये रक्त गोठू न देणारी दोन औषधे आहेत. इंग्लंडमध्ये साठी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध फुकट मिळते. म्हणजे सरकारने मनात आणले तर गोळीचाही विचार होऊ शकतो.

आता त्या भगिनीची गोष्ट. तिची समजूत अशी होती की जुनी गोळी म्हणजे गरिबांची गोळी, आणि पाच लाखांच्या कार्डावर नवी, महाग गोळी मिळायला हवी. मी तिचे कागद घेऊन तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितले ते प्रत्येकाने ऐकण्यासारखे आहे. तिची झडप अरुंद झाली आहे ती लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने. घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, आणि वेळेवर पेनिसिलिन मिळाले नाही तर हृदयाची झडप कायमची खराब होते. हा आजार दाटीवाटीच्या वस्तीत वाढतो, एका खोलीत आठ माणसे झोपतात तेथे वाढतो. तो कोणाच्या वस्तीत जास्त आढळेल हे मी वेगळे सांगायला नको. अशा झडपेच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दिल्लीच्या एम्समधील डॉ. गणेशन कार्तिकेयन त्यात अग्रभागी होते. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील चार हजारांवर रुग्ण त्यात होते. नव्या गोळीपेक्षा जुन्या गोळीवर असलेले रुग्ण कमी दगावले. म्हणजे माझ्या आईला नवी गोळी योग्य, आणि या भगिनीला जुनीच योग्य. महाग ते चांगले, असे सरसकट नाही. गोळी कोणती ते आजाराने ठरावे, खिशाने नव्हे.

तिची अडचण गोळीची नव्हती, तपासणीची होती. पैसे नाहीत म्हणून सात महिने तिने आयएनआर केली नव्हती. तिच्या गोळीचा खर्च थोडा, तो कसाबसा निघे. गोळी बरोबर चालली आहे की नाही हे सांगणारी तपासणी मात्र कोणत्याच कार्डात बसत नव्हती.

या विषयावर विहारात बोलताना मला आपल्याच लेण्यांची आठवण झाली. आपण कार्ल्याला जातो, चैत्यगृहाचे खांब पाहतो, फोटो काढतो आणि खाली येतो. भिंतीवरचे शिलालेख काय सांगतात? एक सांगतो की नहपान राजाचा जावई उषवदात याने येथील भिक्खूंच्या वर्षावासातील निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिले. डोंगर कोरून निवारा दिला की काम संपले, असे त्या माणसांनी मानले नाही. आत राहणाऱ्याला रोज काय लागेल, याची सोय त्यांनी केली. नाशिकच्या लेण्यांत याच उषवदाताचा हिशेब कोरलेला आहे. दोन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे ठेव, व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाचे होतात २४०. त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. मी गुणाकार करून पाहिला, बरोबर जुळतो.

आणि तेथेच, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने नाशिकच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. कोणाकडे एक हजार, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे दोन हजार. मुद्दल मोडायचे नाही, व्याज वापरायचे. कशासाठी? संघातील आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. ‘गिलानभेसज’ हा शब्द दगडात कोरला आहे. चीवर, अन्न, निवारा आणि आजाऱ्याचे औषध या भिक्खूंच्या चार गरजा तथागतांनी मानल्या. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने स्वच्छ केले आणि आजाऱ्याची सेवा ती माझी सेवा, असे संघाला शिकविले. सतराशे वर्षांपूर्वी एका बाईला कळले होते की औषध ही एकदा देऊन संपणारी वस्तू नाही, त्याला दरमहा येणारा पैसा लागतो.

आमच्या विहारात आम्ही विष्णुदत्तेचाच धडा गिरविला. एकेचाळीस घरे, दरमहा घरटी तीस रुपये, १,२३० रुपये. त्यातून चार रुग्णांची महिन्याची तपासणी आणि गाडीभाडे भागते. वही विहारात उघडी असते, कोणीही पाहावी. एका मुलीकडे चौघांचे आकडे लिहिण्याचे काम दिले आहे. ती अकरावीत आहे आणि कोणाचा आकडा साडेतीनच्या वर गेला तर माझ्या आधी डॉक्टरांना फोन करते.

पण बंधू-भगिनींनो, तीस रुपयांच्या वर्गणीवर समाधान मानू नका. ही वर्गणी म्हणजे सरकारला दिलेली सूट नव्हे. कामगार विम्याची वेतनमर्यादा महागाईबरोबर वाढलीच पाहिजे, नाहीतर पगारवाढ ही शिक्षा होते. आरोग्य योजनांमध्ये रोजच्या आवश्यक गोळ्या आणि त्यांच्या तपासण्या आल्याच पाहिजेत. वॉर्फरिनबरोबर डाबिगाट्रॅन हे नव्या पिढीतले औषधही २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. यादीत नाव आहे, ते हातात पडले पाहिजे. येत्या ६ डिसेंबरला, १४ एप्रिलला आपण निवेदने देऊ तेव्हा पुतळ्यांच्या आणि स्मारकांच्या मागण्यांबरोबर ही एक ओळ लिहा.

घरी करायच्या चार गोष्टी सांगतो. साठीच्या पुढच्या माणसाची नाडी अधूनमधून धरून पाहा, ठोके वेडेवाकडे वाटले तर ईसीजी काढा. रक्ताची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, बदलू नका, आणि अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका. डॉक्टरांनी “झेपेल का?” विचारले तर लाजून होय म्हणू नका. नाही झेपत असे सांगा, पण “मग दुसरा उपाय कोणता, आणि त्याला काय सांभाळायचे?” हेही विचारा. नव्या गोळ्यांपैकी काहींच्या पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि भाव पुष्कळ उतरले. औषधाच्या मूळ नावाने चौकशी करा, जन औषधी केंद्रात विचारा.

आईला आता नवी गोळी परवडते. २०१९ साली परवडली नव्हती. तिचा उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही. पंचशील म्हणताना तिसऱ्या शीलापाशी शब्द अडतो, मग नात तो पुरा करते. परवा त्या भगिनीचा आकडा अडीच आला, ते मी घरी सांगितले. आईने डाव्या हाताने उजवा हात उचलला, दोन्ही हात जोडले आणि मला विचारले, “वर्गणी भरलीस का रे या महिन्याची?”

भरली होती. तरी मी पुन्हा वही पाहून आलो.

जय भीम.